वजनाच्या ऑपरेशननंतरचे जेवण



आपल्या जालना जिल्ह्यात आजाऱ्याला भेटावयास जाताना हातात काय न्यावे, हे कोणाला शिकवावे लागत नाही. मोसंब्यांची पिशवी न्यायची. घरची बाग असली तर बागेतली, नसली तर बाजारातली. मोसंबी हे आपल्या जिल्ह्याचे भूषणच आहे. तिला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. तेव्हा गेल्या वर्षी माझी थोरली बहीण ऑपरेशन होऊन गावी परत आली, त्या वेळी मीही दोन डझन मोसंबी घेऊन गेलो. त्या मोसंब्यांनी मला जो धडा शिकविला, तो आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

अक्काचे ऑपरेशन वजन कमी करण्याचे होते. अंबड तालुक्यातल्या एका खेड्यात तिचे सासर. वय ५२, वजन ११६ किलो, १२ वर्षांचा मधुमेह, आणि गुडघे असे की ओट्यावरून उठायचे तर दोघांनी हात द्यावा. डॉक्टरांनी सर्व तपासण्या करून हे ऑपरेशन सुचविले. घरात वाद झाले. ‘खाणे कमी केले म्हणजे झाले, त्याकरिता पोट कापतात होय?’ असे म्हणणारे पुष्कळ निघाले. पण अक्का ठाम राहिली, आणि मोठ्या शहरातल्या एका रुग्णालयात ऑपरेशन सुरळीत पार पडले.

हे ऑपरेशन काही कालपरवाचे नाही. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन या शल्यविशारदांनी १९६६ साली लठ्ठपणावर जठराची अशी शस्त्रक्रिया केली. व्रणासाठी जठराचा भाग काढलेल्या माणसांचे वजन पुढे उतरते, हे त्यांच्या ध्यानात आले होते. आपल्याकडे नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा वर्तमानपत्रे वाचणाऱ्या पुष्कळांना तिची माहिती झाली. तिचे दोन प्रकार विशेष रूढ आहेत. एकात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी एक अरुंद नळी शिल्लक ठेवतात. दुसऱ्यात जठराच्या वरच्या टोकाला कोंबडीच्या अंड्याएवढी लहानशी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. पहिल्या प्रकारात पोटात एका वेळी अर्धी-पाऊण वाटी मावते. दुसऱ्यात सुरुवातीला त्याहूनही कमी. अक्काचे ऑपरेशन पहिल्या प्रकारचे होते.

आता खरी गोष्ट सांगतो. घरी येऊन १०-१२ दिवस झाले आणि अक्काला उठवेना. न्हाणीपर्यंत जायचे तर भिंतीचा आधार लागे. डोळ्यांपुढे अंधारी येई. वजन तर झपाट्याने उतरत होते, आणि आम्ही मंडळी त्यातच समाधान मानीत होतो. अक्काच्या सासूबाई मात्र रोज उशाशी बसून म्हणायच्या, “चमच्या-चमच्यानं कुठं पोट भरतंय का गं? दोन घास जास्तीचे खा, माझ्यासाठी खा.” मला म्हणायच्या, “भाऊ, तुम्ही शिकलेले. तुम्हीच सांगा तिला.”

शिकलेला भाऊ काय सांगणार? शेवटी मी रुग्णालयात फोन लावला. तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी आधी ताप, उलटी, पोटदुखी, लघवी यांची चौकशी केली. रक्तातली साखर तपासून घ्यावयास सांगितली, कारण ऑपरेशननंतर साखर आपोआप उतरते आणि मधुमेहाची जुनीच मात्रा चालू राहिली तर चक्कर येते. तीही ठीक निघाली. मग त्या म्हणाल्या, “कालपासून तोंडी काय काय गेले ते सांगा. वाट्या-चमच्यांत सांगा.”

मी वाचून दाखविले. सकाळी चहात बुडवून चार बिस्किटे. मग मोसंबीचा रस. दुपारी तांदळाची पेज आणि वरणाचे पाणी. चार वाजता पुन्हा मोसंबीचा रस. संध्याकाळी साबुदाण्याची खीर. रात्री अर्धा कप दूध. मला वाटले, आता शाबासकी मिळणार. बाईंनी हिशेब करून सांगितले, “सर, यात प्रथिने जेमतेम १५ ग्रॅम आहेत. त्यांना रोज ६० ते ८० ग्रॅम पाहिजेत. तुम्हांला कागद दिला होता ना?”

कागद दिला होता. घरी सोडतानाच दिला होता. तो इंग्रजीत होता, म्हणून घरच्यांनी विश्वासाने माझ्या हाती ठेवला, आणि मी, एम. ए. झालेला प्राध्यापक, तो चाळून, घडी करून खिशात घातला आणि विसरून गेलो. बहिणीला मोसंबी पोचविली. तिला जे हवे होते ते मात्र माझ्या खिशातच राहिले.

श्रोतेहो, प्रथिनांचे एवढे अगत्य कशाला, हे नीट समजून घेऊ या. ऑपरेशननंतर माणूस फार थोडे खातो, म्हणून शरीर साठविलेली चरबी जाळू लागते. आपल्याला तेच हवे असते. परंतु शरीराला प्रथिनेही रोज लागतात. जखम भरण्यास लागतात, रक्तास लागतात, रोगाशी झुंजण्यास लागतात. ती अन्नातून आली नाहीत तर शरीर ती स्नायूंतून काढते. चुलीत घालावयास सरपण नाही म्हणून घराचे वासे काढून जाळावे, तसा हा प्रकार. काट्यावर वजन उतरलेले दिसते, पण उतरते ते मांस. मग पाय थरथरतात, जखम रेंगाळते, सूज येते, केस गळतात. तिसऱ्या महिन्यापासून थोडेफार केस पुष्कळांचे गळतात आणि बहुधा पुन्हा येतात. पण प्रथिने कमी पडली तर ते गळणे वाढते.

आपल्याकडे आजाऱ्याला जे देतात ते पचावयास हलके असते, हे खरे. पण हलके म्हणजे बळ देणारे नव्हे. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नाहीतच. मोसंबीच्या रसात नावाला आहेत. आहे ती साखर आणि पाणी. ऑपरेशननंतर गोड रस भरभर प्याला तर तो एकदम आतड्यात उतरून घाम सुटतो, छाती धडधडते, जुलाब होतात. दुसऱ्या प्रकारच्या ऑपरेशननंतर तर विशेष. आणि वरणाच्या पाण्याविषयी काय सांगावे! डाळीचे सत्त्व तळाशी बसते. वरचे पाणी आपण आजाऱ्याला देतो, आणि खालची घट्ट डाळ धडधाकट माणसांच्या ताटात जाते.

मग द्यावे काय? क्रम असा असतो. पहिले एक-दोन दिवस पाण्यासारखे पातळ. त्यानंतर साधारण दोन आठवड्यांपर्यंत दूध, ताक, गाळलेले कढण असे पातळ पदार्थ. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घोटलेले, मऊ लापशीसारखे. पाचव्या-सहाव्या आठवड्यात चमच्याने मोडेल असे मऊ अन्न. दोनेक महिन्यांनी हळूहळू घरचे नेहमीचे. भाकरी आणि पोळी सर्वांत शेवटी. हे वेळापत्रक डॉक्टरांगणिक थोडे बदलते, म्हणून आपल्या डॉक्टरांचे सांगणे प्रमाण मानावे.

ग्रॅमचा हिशेब अवघड वाटेल, पण तो वाट्यांत मांडला की सोपा होतो. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने. १०० मिलिलिटर, म्हणजे अर्ध्या पेल्याहून थोड्या अधिक दुधात ३ ग्रॅमच्या वर. त्याच दुधात साय काढलेल्या दुधाची पावडर दोन लहान चमचे कालविली तर तेच दूध ७ ग्रॅमचे होते, आणि पोटात जागा मात्र तेवढीच घेते. ३० ग्रॅम पनीरमध्ये ५ ग्रॅम. घट्ट घोटलेल्या मुगाच्या वरणाच्या अर्ध्या वाटीत ४ ग्रॅम.

अक्काच्या तिसऱ्या आठवड्यापासून आम्ही दिवस असा बसविला. सकाळी सातला पावडर घातलेले दूध. नऊला एक उकडलेले अंडे, दह्यात मऊ कुस्करून. अकराला घट्ट दह्याचे ताक. एक वाजता मुगाचे घोटलेले वरण, त्यात कुस्करलेले पनीर. चारला पुन्हा दूध. साडेपाचपासून तासभर, डॉक्टरांनी लिहून दिलेली प्रथिनांची पावडर पाण्यात कालवून, घोट घोट; तिच्या एका मापात २० ग्रॅम असतात. रात्री आठला वरण आणि अंड्याचा पांढरा भाग. झोपण्यापूर्वी दूध. बेरीज करा, ६०च्या वर जाते. ती पावडर वगळली तर ४५च्या आसपास अडते. पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत ती पावडर बहुतेकांना घ्यावीच लागते. तो डामडौल नव्हे, औषधच समजावे. पण जाहिरात पाहून आणू नये. डॉक्टरांनी सांगितलेलीच आणावी. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनांचे प्रमाणही तेच ठरवितील.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या घरात अंडे चालत नाही. नसेना का! दूध, दही, पनीर, मूग आहेत, पुढे मऊ शिजवून वाटलेल्या सोयाबीनच्या वड्या आहेत. या वड्यांच्या कोरड्या वजनात निम्मे वजन प्रथिनांचे असते. दूध सोसत नसेल, पोट फुगत असेल, तर दही-ताक सोसते का ते पाहावे. आणि डाळीची आपल्याला काय वाण? बदनापूरचे कृषी संशोधन केंद्र तूर आणि मुगाच्या वाणांसाठी नावाजलेले आहे, बी.डी.एन. ७११ ही तूर तिथलीच. ज्या जिल्ह्यात डाळीचे बियाणे तयार होते, त्या जिल्ह्यातल्या आजाऱ्याने डाळीच्या पाण्यावर राहावे, हे बरे नव्हे.

जेवणाचे चार नियम आहेत. पहिला, ताटात जे प्रथिनांचे असेल ते आधी खावे. जागा उरली तर भाजी, मग भात. दुसरा, लहान चमचा, लहान घास, पुष्कळ चावणे. एका जेवणाला वीस-तीस मिनिटे लागू द्यावीत. तिसरा, जेवताना पाणी नाही. जेवणाआधी व नंतर अर्धा तास सोडून, दिवसभरात दीड-दोन लिटर घोट घोट प्यावे. चौथा, पोट भरल्याची पहिली खूण होताच थांबावे. ही खूण प्रत्येकाची निराळी. अक्काला एकदम उचकी येते. त्या खुणेनंतरचा एक घाससुद्धा उलटी करवितो.

हा चौथा नियमच आपल्या घरांत पाळला जात नाही. आग्रह केल्यावाचून आपल्याला प्रेम केल्यासारखे वाटत नाही. अक्काच्या सासूबाईंना हे पटवावयास मला चार दिवस लागले. शेवटी मी त्यांच्याच हाती मापाची वाटी दिली आणि म्हणालो, “मामी, जास्त खाऊ घालायचे नाही; ठरलेले चुकू द्यायचे नाही. एवढे तुमच्याकडे.” त्या दिवसापासून घड्याळ त्यांनी सांभाळले. दर दोन तासांनी वाटी घेऊन त्या उशाशी हजर. आग्रह होता तसाच राहिला, पण आता तो वेळेचा झाला. आठवडाभरात अक्का आधारावाचून अंगणात आली.

मात्र काही गोष्टी घरी निस्तरावयाच्या नसतात. उलट्या थांबत नाहीत, पाणीही ठरत नाही, ताप आला, नाडी जोरात चालली, पोटात किंवा खांद्यात कळ उठली, काळी शौच झाली, लघवी अगदी कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. उलट्या बरेच दिवस चालल्या तर शरीरातले ब-१ जीवनसत्त्व संपते आणि मज्जातंतूंना कायमची इजा होऊ शकते. तसेच लोह, ब-१२, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या किंवा इंजेक्शने आयुष्यभर डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे घ्यावी लागतात. ‘आता बरे वाटते’ म्हणून त्या सोडू नयेत. तरुण भगिनींनी ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष तरी दिवस राहू देऊ नयेत, असे डॉक्टर सांगतात, त्याचे कारणही हेच. शरीराची भर आधी व्हावी लागते.

आणि आता एक विनंती गावोगावच्या शिक्षक बंधुभगिनींना. तुमच्या गावात कोणाचे कसलेही मोठे ऑपरेशन झाले, तर त्या घरी एकदा जा आणि रुग्णालयाने दिलेला कागद मागून घ्या. तो इंग्रजीत असेल तर मराठीत, मोठ्या अक्षरांत, वाट्या आणि चमच्यांच्या भाषेत उतरवून स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवा. काही अडले तर रुग्णालयाला फोन करून विचारा. अर्ध्या तासाचे काम आहे. ते मी वेळेवर केले नाही, म्हणून माझ्या बहिणीने भिंत धरून दिवस काढले. ते अर्धे तास कोणीतरी केले पाहिजेत, आणि ते करणारा माणूस आपल्या गावात बहुधा तुम्हीच असता.

अक्काच्या ऑपरेशनला आता आठ महिने झाले. वजन ८३ किलोवर आले आहे, मधुमेहाच्या गोळ्या डॉक्टरांनी निम्म्या केल्या आहेत, आणि ती शेतापर्यंत चालत जाते. परवा मी भेटावयास गेलो तेव्हा पिशवीत मूगडाळ आणि दुधाची पावडर होती. मामींनी ती उघडून पाहिली, हसल्या आणि मला म्हणाल्या, “आता शिकलात बघा.” मोसंबी झाडावर होतीच. ती अक्काने स्वतः तोडली, सोलली, दोन फोडी चावून खाल्ल्या आणि बाकीची माझ्या हातावर ठेवली.