कुंडीतलं लिंबू आणि बागेतली बाटली

(शिरूर-दौंडच्या तरुण साथींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या शिरूर आणि दौंड तालुक्यांना कागदी लिंबाच्या बागा नव्या नाहीत. आता तेच झाड रांजणगावच्या भाड्याच्या खोलीत, दौंडच्या फ्लॅटच्या गॅलरीत कुंडीतही दिसतं. त्यावर कीड पडली की कुणीतरी सुचवतं, "गावाकडून बागेचं औषध आण, मार थोडं."

आपण त्याला 'औषध' म्हणतो, म्हणून भीती वाटत नाही. पण ते विष आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते उघड्या रानात होते. बंद खोलीत तेच मारलं तर दिवसभर त्या हवेत कोण राहतं? अम्मी, दादी, रांगणारं बाळ. त्यातही कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून आणलेलं विष म्हणजे लेबल गेलं, धोक्याचा लाल किंवा पिवळा त्रिकोण गेला, आणि मूल ती बाटली तोंडाला लावू शकतं.

मग करायचं काय? आम्ही सॉफ्टवेअरवाले आधी बिघाड नेमका कुठे आहे ते शोधतो, मग कोडला हात लावतो. इथेही तसंच. पान उलटं करा, मोबाईलचा कॅमेरा झूम करून बघा.

कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. देठाला चिकटलेल्या तपकिरी टिकल्या म्हणजे खवले कीड. बारीक जाळी आणि फिकट ठिपके म्हणजे कोळी. कोवळ्या पानात नागमोडी पांढरी रेघ म्हणजे नागअळी. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी ही लिंबाच्या फुलपाखराची. मोठी झाली की ती हिरवी होते.

ही शेवटची हाताने उचला, बाहेरच्या मोठ्या लिंबावर किंवा कढीपत्त्यावर सोडा. नागअळी पानाच्या आत असते, तिथे साबण पोचत नाही. खराब पानं तोडा. युरिया जास्त घालू नका, त्याने कोवळी पालवी वाढते आणि कीड तिथेच येते.

बाकीच्यांसाठी कुंडी इतर झाडांपासून वेगळी करा. पानं दोन्ही बाजूंनी पाण्याने धुवा. पिठ्या आणि खवले स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. स्पिरिट गॅसपासून लांब ठेवा. मग एक लिटर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा सौम्य द्रव साबण मिसळून फवारा. आधी एका पानावर करून बघा. फवारणी संध्याकाळी, गॅलरीतच. अंडी एका फवाऱ्यात मरत नाहीत, म्हणून आठवड्याच्या अंतराने तीनदा करा.

आणि मुंग्यांकडे लक्ष ठेवा. पिठ्याच्या अंगातून गोड चिकट द्रव येतो. तो खायला मुंग्या येतात आणि पिठ्याला शत्रूंपासून राखतात. त्याच चिकट्यावर काळी बुरशी वाढते. कुंडी विटांवर ठेवून त्या पाण्याच्या ताटलीत ठेवा, म्हणजे मुंग्यांची वाट बंद. पण डास होऊ नयेत म्हणून ते पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला.

एवढं करूनही झाड गेलं तर जाऊ द्या. नर्सरीत दुसरं रोप मिळतं. आज घरी गेल्यावर फक्त एक करा: मोरीत, माळ्यावर, पलंगाखाली बिनलेबलची बाटली आहे का ते बघा. असेल तर ती मुलांच्या हाताला न लागेल अशी कुलपात ठेवा. मोरीत ओतू नका. चुकून कुणाच्या पोटात गेलंच, तर उलटी काढत बसू नका. 108 ला फोन करा आणि बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा.