घरातला कॅमेरा : चित्रण कुणाच्या ताब्यात?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा काही भाग)

मैत्रिणींनो, मघाशी एकीने विचारलं, एकट्या राहणाऱ्या बाईने कॅमेरा लावावा की नाही? जरूर लावावा, पण दाराबाहेर. आणि घेतानाच दुकानदाराला विचारावं, चित्रण साठतं कुठे?

पुष्कळशा नव्या कॅमेऱ्यांचं चित्रण इंटरनेटवरून कंपनीकडे जातं. त्याला ‘क्लाउड’ असं गोंडस नाव आहे. ढगबिग काही नाही. कुठल्याशा इमारतीतले संगणक, आणि ते हाताळणारी माणसं. अमेरिकेत ‘रिंग’ या कॅमेरा कंपनीवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ साली केलेली तक्रार ऐका. २०१७ मध्ये तिथला एक कर्मचारी बायकांच्या झोपायच्या खोलीतली, न्हाणीघरातली हजारो चित्रणं बघत होता. एका सहकारी बाईच्या हे लक्षात आलं, तिने वरिष्ठांना सांगितलं. उत्तर मिळालं, यात काही विशेष नाही! तो फक्त ‘सुंदर मुली’च बघतो, हे ध्यानात आल्यावर मग हालचाल झाली. कंपनीने ५८ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं.

म्हणून चित्रण घरातच ठेवा, कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डावर किंवा वायरने जोडलेल्या डीव्हीआरमध्ये. दरमहा पैसेही भरावे लागत नाहीत. चोराने डीव्हीआरच उचलून नेला तर पुरावा गेला, हे खरं. तेव्हा तो टीव्हीखाली मांडून ठेवू नका, कुलपात ठेवा.

पण तेवढ्याने निर्धास्तही होऊ नका. राजकोटच्या एका प्रसूतिगृहात बायकांची तपासणी होतानाची चित्रणं चोरून टेलिग्रामवर विकली गेल्याचं फेब्रुवारी २०२५ मध्ये उघड झालं. अटक झालेल्यांत महाराष्ट्रातलेही होते. डीव्हीआर इंटरनेटला जोडलेला असेल आणि पासवर्ड कारखान्यातून आला तोच असेल, तर जगाला दार उघडंच. गरज नसेल तर इंटरनेटची वायर काढून टाका. ठेवायचीच असेल तर पासवर्ड आधी बदला.

आता अवघड भाग. आमच्या सल्ला केंद्रात आलेल्या एका सुनेच्या स्वयंपाकघरात कॅमेरा होता. ती किती वेळा बसली, कुणाशी फोनवर बोलली, हे नवरा कामावरून मोबाईलवर बघे. तिच्या दृष्टीने कंपनी काय आणि नवऱ्याचं कपाट काय, दोन्ही परकीच. पासवर्ड तिलाही ठाऊक हवा, आणि घराच्या आत कॅमेरा नको म्हणण्याचा हक्क तिचा हवा. ‘सुरक्षेसाठी लावलाय’ हे वाक्य आपण फार लवकर मान्य करतो.

त्याच कॅमेऱ्यात मारहाण टिपली गेली असेल तर घाई करा. जागा भरली की डीव्हीआर जुनं पुसून त्यावरच नवं साठवतो. त्याच दिवशी प्रत काढा, मूळ चित्रणाला हात लावू नका. कोर्टात प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. त्याचा नमुना वकिलाकडून आधीच घेऊन ठेवा.