पाणी तोडू नका
(वर्धापनदिनी झालेले भाषण)



लहान मुले वाढविताना आईला शहाणपण थोडे ऐकून आणि पुष्कळसे धसक्यातून येते. १९७८ सालचा पावसाळा. माझा थोरला दहा महिन्यांचा होता. पहाटेपासून त्याला जुलाब लागले. सासूबाई म्हणाल्या, "पाणी देऊ नकोस, आणखी वाहील." मी दिले नाही. दुपारपर्यंत पोर मलूल झाले; डोळे नि टाळू खोल गेली, रडताना टिपूस येईना.

शेजारच्या नर्सबाई धावून आल्या. साखर-मिठाचे पाणी त्यांनी चमच्याचमच्याने पाजले. संध्याकाळी दुपटे ओले झाले, तेव्हा सासूबाईंनी देवापुढे दिवा लावला. त्यांचा पहिला मुलगा असाच गेला होता, हे मला त्या रात्री कळले.

१९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच साखर-क्षारांच्या पाण्याने पटकीचे पुष्कळ रोगी वाचविले होते.

कृती सोपी आहे. एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दवाखान्यातील पुडी मिळाली तर उत्तमच. अंगावरचे दूध चालू ठेवावे. मूल पिईनासे झाले, गुंगीत गेले, शौचात रक्त दिसले, तर तडक डॉक्टरांकडे न्यावे.

सासूबाई आता नाहीत. नातवंड झाले तेव्हा ही कृती मी स्वयंपाकघरात फळीजवळ लिहून लावली. आपणही लावावी, एवढीच विनंती.