ड्रायव्हर दोघे, विमा एकालाच

सुट्टीची झोप मोडून आलात, तेव्हा थेट मुद्द्यावरच येतो.

माझ्या गावचे दोन चुलतभाऊ इथे दुबईत ड्रायव्हर आहेत. थोरला कंपनीची बस चालवायचा, धाकटा एका घरची गाडी. गेल्या वर्षी दोघांचीही नोकरी गेली. थोरल्याला कंपनीनं कमी केलं. धाकट्याचं मालकाचं कुटुंबच देश सोडून गेलं. थोरल्याचा मूळ पगार 1500 दिरहम. त्याला विम्यातून महिन्याला 900 मिळाले, तीन महिने. धाकट्याला काहीच नाही. तो थोरल्याच्याच पैशावर जेवला.

हा नोकरी गेल्यावरचा विमा अमिरातीत 1 जानेवारी 2023 पासून सक्तीचा आहे. आपल्यासारख्यांना हप्ता महिना 5 दिरहम, म्हणजे चहा-समोशाचे पैसे. बारा महिने भरलेले असले आणि राजीनामा न देता, शिस्तीच्या कारणाशिवाय नोकरी गेली, तर मूळ पगाराच्या 60 टक्के रक्कम जास्तीत जास्त तीन महिने मिळते. पण घरकामगारांना यातून वगळलंय. आणि घरकामगार म्हटलं की आपल्याला धुणीभांडी करणारी ताईच दिसते! कायद्याच्या यादीत घरचा ड्रायव्हर, माळी, स्वयंपाकी, वॉचमन हेही आहेत. या हॉलमधलेच कितीजण निघतील बघा.

घरात काम करणाऱ्यांचा हिशोब ठेवणं अवघड, असं कुणी म्हणेल. मग 1 जानेवारी 2025 पासून उरलेल्या अमिरातींत आरोग्य विमा सक्तीचा केला, त्यात घरकामगार कसे बसले? तो खर्चही मालकावरच टाकलाय. आजारपणात मोजता येतो तो माणूस बेकारीत का मोजता येत नाही?

अमेरिकेतही 1935 च्या सामाजिक सुरक्षा कायद्यात मोलकरणींना जागा नव्हती. 1950 मध्ये कायदा बदलून नियमित काम करणाऱ्यांना आत घेतलं. पंधरा वर्षं लागली, पण घेतलं.

आपल्या सरकारची प्रवासी भारतीय बीमा योजना आहे, अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर 10 लाख रुपये. चांगली आहे, मुदत संपली नाही ना ते पाहा. पण नोकरी गेली तर तिचा उपयोग नाही.

म्हणून आपण वकिलातीला अर्ज देतोय, की घरकामगारांना या विम्यात घ्यावं ही मागणी इथल्या सरकारपुढे मांडा. हप्ता आम्ही भरू. कंपनीवाल्यांनीही सही करा, उद्या तुमचाही व्हिसा घरचा होऊ शकतो. सही करण्याआधी आपल्या व्हिसावर व्यवसाय काय लिहिलाय तेवढं बघून घ्या. कागद दाराजवळच्या टेबलावर आहेत.