लुगड्याचा हिशोब भिंतीला

दसरा-दिवाळी जवळ आली की गटाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. घर रंगवायचं आहे, अंतर्गत कर्ज मिळेल का? कुणाकडे लग्न असतं, कुणाचं घरकुल नुकतंच पुरं झालेलं असतं. म्हणून आज आम्ही घराच्या रंगावर आणि नक्षीवर बोलणार आहोत. कोणता रंग कुठे द्यावा, नक्षी कुठे काढावी, आणि या कामात पैसा कुठे वाचतो, कुठे वाया जातो, ते पाहू.

कुणी म्हणेल, हा तर हौसेचा विषय. पण जरा आपल्या घराकडे बघा. प्रधानमंत्री आवास योजनेतून गावात मिळणारं घरकुल स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटरचं असतं, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट. एवढ्या जागेत गॅस, देव, धान्याची कोठी, मुलांचा अभ्यास, आजारी माणूस, आला-गेला पाहुणा, सगळं बसवायचं. घर बाईच्या नावे किंवा नवरा-बायको दोघांच्या नावे मंजूर व्हावं, असा या योजनेचा दंडक आहे. दिवसातला जास्तीत जास्त वेळ त्या घरात बाईच असते. रंगाचा मात्र निर्णय होतो दुकानाच्या काउंटरवर, पेंटर आणि घरातले पुरुष यांच्यात. पुढे तो रंग पाच-सात वर्षं आपण बघायचा, त्याच्या अंधारात तांदूळ निवडायचे, आणि कर्जाचा हप्ताही आपणच भरायचा.

बायकांना विचारलं तर म्हणतात, आम्हाला रंगातलं काय कळतं? अहो, बाजारात लुगडं घेताना दुकानदाराला चार गठ्ठे सोडायला लावणाऱ्या आपण! हीच नजर भिंतीला लावायची आहे.

इरकली लुगडं डोळ्यांसमोर आणा. त्याचं अंग कसं असतं? साधं, नाहीतर बारीक चौकड्याचं. त्याला काठ असतो उठून दिसणारा. आणि सगळी श्रीमंती असते ती पदरावर. सगळं लुगडंच पदरासारखं भरलेलं असतं तर ते अंगावर जड झालं असतं आणि पदराकडे कुणाचं लक्षही गेलं नसतं. खोलीचंही तसंच आहे. भिंतींचा मोठा भाग म्हणजे अंग, तो साधा आणि फिका ठेवायचा. भिंतीच्या पायथ्याशी, दाराच्या चौकटीभोवती, खिडकीभोवती काठ. आणि एक भिंत, किंवा एका भिंतीचा तुकडा, तो पदर. गडद रंग, नक्षी, देवाचा फोटो, मुलांची बक्षिसं, जे काही मिरवायचं ते तिथे. चारही भिंती चार रंगांच्या केल्या की २६९ फुटांचं घर आणखीच लहान वाटतं.

आता अंगाचा रंग फिका का? त्यामागे उजेडाचा हिशोब आहे. पांढरा, मलईसारखा, फिका पिवळा, हे रंग खिडकीतून आलेला उजेड परत खोलीत टाकतात. गडद निळा, गडद हिरवा, मरून हे रंग तो गिळून टाकतात. आमच्या गटातल्या एका वहिनींच्या स्वयंपाकघरात गडद निळा रंग दिला होता. खिडकी एकच, तीही उत्तरेला. दुपारी बारा वाजताही बल्ब लावल्याशिवाय डाळीतला खडा दिसत नसे. छतासह तिथे पांढरा हात मारला आणि दिवसाचा बल्ब बंद झाला. म्हणून ज्या खोलीत खिडकी लहान, तिथला रंग जास्त फिका. छत मात्र कुठल्याही खोलीत पांढरंच असू द्या.

दुकानातल्या कार्डावरच्या बोटभर तुकड्यावर रंग पसंत करू नका. तोच रंग चार भिंतींवर चढला की कितीतरी भडक वाटतो. थोडासा रंग आणून भिंतीवर हातभर जागेत लावा आणि पूर्ण वाळू द्या, कारण ओला रंग आणि वाळलेला रंग वेगळा दिसतो. मग तो सकाळी बघा, दुपारी बघा आणि रात्री दिव्याखाली बघा. तिन्ही वेळा डोळ्यांना बरा वाटला तरच पुढे जा. सगळ्यात जास्त वेळ त्या खोलीत कोण बसतं, त्याला विचारा. म्हातारी सासू असेल तर तिलाही.

आता मापाचं बोलू. वही-पेन जवळ असेल तर लिहून घ्या. समजा खोली १० फूट बाय १२ फूट आहे आणि उंची १० फूट. चारही भिंतींची लांबी मिळून ४४ फूट. त्याला उंचीने गुणलं की ४४० चौरस फूट. दार-खिडकीचे साधारण ४० फूट वजा करा, राहिले ४००. रंगाच्या डब्यावर एका लिटरमध्ये किती चौरस फूट होतं ते लिहिलेलं असतं. त्यावरून दोन हातांना किती लागेल ते आपणच काढायचं. पेंटर म्हणाला म्हणून दोन डबे जास्त आणले, असं होत नाही.

याच हिशोबात काठाची गंमत बघा. पायथ्याशी सहा इंचांचा पट्टा काढला, तर दार सोडून ४१ फूट लांबीला तो जेमतेम २० चौरस फूट होतो. म्हणजे सगळ्या भिंतींच्या विसाव्या हिश्श्याएवढा. आवडीचा महाग रंग हवाच असेल तर तो काठाला घ्या. लहान डब्यात काम होतं आणि घर सजलेलंही दिसतं. आपल्या आज्या पांढऱ्या भिंतीच्या खाली काव किंवा गेरूचा पट्टा ओढायच्या, त्यातही शहाणपण होतं. सारवताना उडालेलं शेण, फरशी पुसतानाचं पाणी, पोरांच्या पायांचे डाग त्या पट्ट्यात लपून जायचे. आणि खराब झाला तर तेवढा पट्टाच पुन्हा ओढला की झालं.

फिका रंग घरीच करायचा असेल तर पांढऱ्या डिस्टेंपरमध्ये स्टेनर मिसळता येतो. दुकानात त्याची लहान बाटली मिळते. थोडा थोडा घालून ढवळा. मात्र एका खोलीचा सगळा रंग एकदमच कालवा. अर्ध्यावर संपला आणि पुन्हा कालवला तर तीच छटा येत नाही, भिंतीवर ठिगळ दिसतं.

भिंत कशाची आहे, त्यावर रंगाची जात ठरते. मातीच्या भिंतीला पांढरी माती, चुना, गेरू हेच चांगले. ऑइलपेंटने भिंतीच्या आतली ओल कोंडते आणि पोपडे धरतात. सिमेंटच्या नव्या गिलाव्यावरही घाई करू नका, किमान महिना-दीड महिना तो चांगला वाळू द्या. भिंतीत ओल आहे का ते ओळखायची सोपी युक्ती सांगतो. हातभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा. एक दिवस, एक रात्र ठेवा. काढल्यावर आतल्या बाजूला दव दिसलं तर भिंत ओली आहे. आधी छताची गळती, नळाची गळती, भिंतीबाहेर साचणारं सांडपाणी बघा. ओल्या भिंतीवरचा रंग म्हणजे पाण्यात घातलेला पैसा.

कमी खर्चात चुन्याला तोड नाही. भिंत आधी ओली करून घ्यायची आणि पातळ चुन्याचे दोन-तीन हात द्यायचे. जाड हात दिला तर तो खपल्या होऊन पडतो. भिंतीला हात लावल्यावर चुना निघू नये म्हणून त्यात डिंकाचं पाणी किंवा भाताची खळ घालतात. जुन्या ऑइलपेंटवर चुना धरत नाही, तिथे हा खटाटोप करू नका. चुन्याला रंग हवा असेल तर गेरू, पिवडी, नीळ यांतलं घ्या. हळद घालू नका. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे कुंकू करणाऱ्या बायकांना सांगायला नकोच. भिंतीवर तो लाल टिकतही नाही.

एक सावधगिरी. कळीचा चुना पाण्यात पडला की उकळतो. प्लास्टिकच्या बादलीत तो भिजवू नका, लोखंडी पिंप किंवा पत्र्याचा डबा घ्या. पाण्यात चुना थोडा थोडा सोडा, चुन्यावर एकदम पाणी ओतू नका. मुलांना लांब ठेवा. डोळ्यात उडाला तर भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. चुन्याने नजर जाऊ शकते.

आता नक्षी. पालघर जिल्ह्यात डहाणू, जव्हार, तलासरी या भागांत वारली लग्नघरात सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. चौकात पालघट देवी असते. ती पूजा आहे, म्हणून चौक शोभेसाठी कुठेही उतरवू नये. पण झाडं, पाखरं, शेतकाम, तारप्याचा नाच या वारली चित्रांतून आपण शिकू शकतो. मागे गेरूची किंवा शेणामातीची गडद भिंत, वर एकच पांढरा रंग. आकार कोणते? गोल, त्रिकोण, चौकोन आणि रेघा. एवढ्या मोजक्या साधनांत ही कला १९७०च्या दशकात भिंतीवरून कागदावर आणि पुढे जगभर गेली. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. तिचं मूळ मात्र सवाशिणींच्या हातात आहे, हे आपण विसरू नये.

आपल्या हातातही नक्षी आहे. ठिपक्यांची रांगोळी जिला येते, तिला भिंतीवर वेलबुट्टी जमते. भिंतीवर सरळ रेघ हवी तर गवंडी मारतात तसं गेरूत बुडवलेलं सूत मारा. नक्षी सारखी यावी म्हणून जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर एक फूल कापून छाप तयार करा आणि स्पंजने जवळजवळ कोरडा रंग टेपा. रंग पातळ असला की छापाखाली पसरतो. कापलेल्या भेंडीचा ठसाही सुरेख उमटतो. एका खोलीत एकच नक्षी घ्या. भिंतीवर वेल असेल तर पडदा साधा, आणि गोधडी ठिगळाठिगळांची रंगीत असेल तर तिच्यामागची भिंत साधी. पडद्याला जुनी फिकी सुती साडी उत्तम, उजेड अडत नाही.

नक्षी जीवही राखते. आमच्याकडच्या एका आजींना पायरी आणि अंगण दोन्ही एकाच करड्या रंगाची, संध्याकाळी पायरी कळायची नाही. सुनेने पायरीच्या कडेला दोन बोटं पांढरा पट्टा ओढला. आता आजी पट्टा बघून पाय टाकतात. ज्या घरात म्हातारं माणूस आहे, तिथे पायरीची कड, उंबरा, न्हाणीचा उंचवटा वेगळ्या रंगाने दाखवून द्या. रंगकामातलं हे सगळ्यात स्वस्त काम आहे.

शेवटचा मुद्दा शिशाचा. ऑइलपेंटमध्ये, खास करून पिवळ्या, नारिंगी, लाल रंगांत पूर्वी शिसं फार असायचं. शिसं लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधतं. सरकारने २०१६ साली नियम केला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं असायला बंदी आली. म्हणून दारं-खिडक्यांचा, पाळण्याचा रंग घेताना डब्यावर शिशाबद्दल काय लिहिलंय ते वाचा. बिनलेबलचा, सुटा रंग घेऊ नका. जुन्या दारांवरचा रंग कोरड्या पॉलिश पेपरने घासू नका, त्याची धूळ घरभर होते. पाणी मारून घासा, खाली कागद अंथरा, नंतर ओल्या फडक्याने पुसा. गरोदर बाई आणि लहान मुलं त्या दिवशी शेजारी राहू देत.

मैत्रिणींनो, येत्या बैठकीत एक काम करा. रंगासाठी कर्ज मागणारीने तीन गोष्टी वहीत लिहून आणाव्यात. खोलीचं माप, ओलीची परीक्षा, आणि कोणता रंग कुठे हे तिचं स्वतःचं म्हणणं. गटाने आधी ते वाचावं, मग रक्कम ठरवावी. माप घेऊन गेलेल्या बाईला दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "ताई, कोणता रंग देऊ?" त्याचं उत्तर आपल्याकडे तयार असलं पाहिजे.