खुराकातलं रोजचं जंतनाशक
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कपाशी-ज्वारीवाल्यांच्या बैठकीत घोडं कुठून आलं, असं काहींना वाटेल. थोडा दम धरा.

अमेरिकेत १९९० च्या दशकात घोडेवाल्यांत एक पद्धत पसरली. पायरँटेल टार्ट्रेट नावाचं जंतनाशक, किलो वजनामागे २.६४ मिलिग्रॅम, रोज खुराकात मिसळून द्यायचं. चरताना पोटात गेलेली जंताची अळी आतड्याच्या भिंतीत शिरण्याआधीच मरावी, हा हेतू. हेतू वाईट नव्हता. मोठ्या जंताची अळी रक्तवाहिनीत शिरली की घोडं पोटदुखीनं जातं.

मालकांनी विचारलं, वर्षानुवर्षं औषध खाऊन जनावराला बाधणार नाही ना? आपणही हेच विचारलं असतं. तर ठरल्या मात्रेत धडधाकट घोड्याला ते सहसा बाधत नाही. फार खंगलेल्या जनावराला देऊ नये, इतकंच.

नुकसान दुसरीकडेच झालं. रोज औषध पडलं की रोज कच्चे जंत मरतात आणि चिवट तेवढे मागे राहतात. पुढची सगळी वीण त्यांची. त्याच दशकात अमेरिकेत पायरँटेलला दाद न देणारे बारीक जंत सापडू लागले. शिवाय रोजच्या औषधावर वाढलेल्या शिंगरांचं औषध सुटलं, की जंतांशी झगडण्याची ताकद त्यांच्यात कमी दिसली. आणि १९८० च्या दशकातल्या आयव्हरमेक्टिननंतर घोड्याच्या गोल जंतांवर नव्या जातीचं औषध आलेलंच नाही. मॉक्झिडेक्टिन त्याच घराण्यातलं.

आता तिथले पशुवैद्य सांगतात, आधी लीद तपासा, अंडी मोजा. कळपातली थोडीच मोठी घोडी बहुतेक अंडी टाकतात; जास्त औषध त्यांना द्या. दोन आठवड्यांनी पुन्हा मोजा, औषध चाललं की नाही ते कळतं. शिंगरांचा हिशेब मात्र वेगळा, त्यांना औषध चुकवून चालत नाही.

ही गोष्ट आपल्याला नवी आहे का? पायरेथ्रॉईडच्या फवारण्यांवर फवारण्या झाल्या आणि १९८७ साली गुंटूर-प्रकाशमकडे हिरवी बोंडअळी मरेना. २००२ साली बीटी आलं, सोबत साध्या कपाशीचं छोटं पाकीट आलं. ते बांधावर फेकणारे हात इथेही बरेच असतील! कच्च्या अळ्यांची वीण टिकावी म्हणून ते पाकीट होतं. २०१० साली गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटीला पचवून बसल्याचं जाहीर झालं, पुढे दुसऱ्यालाही तिनं पचवलं.

घोडं आपल्यात थोड्यांच्याच दारात आहे. शेळ्या मात्र घरोघर आहेत, आणि आपण काय करतो? एकच बाटली, सगळा कळप, अंदाजानं पाजणं. वजन कमी धरलं की मात्रा अपुरी पडते आणि चिवट जंत उरतात. दक्षिण आफ्रिकेत मेंढपाळांना शिकवलं, खालची पापणी ओढून पाहा. आतून लाल असेल तर सोडा, पांढरट पडली असेल तर औषध पाजा. रक्त पिणाऱ्या जंताला ही खूण चालते, बाकीच्यांना नाही. म्हणून सकाळच्या ताज्या लेंड्या पिशवीत बांधून, उन्हात न ठेवता, त्याच दिवशी जनावरांच्या दवाखान्यात न्या आणि तपासून मागा.