प्रत्यारोपित मूत्रपिंड आणि दडून बसलेला विषाणू

मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा इतिहास २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टन येथे जोसेफ मरे यांनी केलेल्या शस्त्रक्रियेपासून सांगण्याचा प्रघात आहे. परंतु त्या वेळी दाता आणि रुग्ण हे एकसारखे जुळे भाऊ असल्यामुळे रुग्णाच्या शरीराने नवे मूत्रपिंड परके मानले नाही, आणि प्रत्यारोपणातील सर्वांत कठीण प्रश्न तेथे उपस्थितच झाला नाही. जुळे भावंड नसलेल्या असंख्य रुग्णांसाठी तो प्रश्न पुढे औषधांनी सोडवला: १९६०च्या दशकात अ‍ॅझाथायोप्रिन व स्टिरॉइड, १९८०च्या दशकात सायक्लोस्पोरिन आणि त्यानंतर टॅक्रोलिमस व मायकोफिनोलेट. टॅक्रोलिमस हे टी-पेशींना, म्हणजे परके काय ते ओळखून हल्ला चढवणाऱ्या पांढऱ्या पेशींना, जागे करणारा संदेश अडवते, तर मायकोफिनोलेट त्या पेशींची संख्या वाढू देत नाही. मात्र याच टी-पेशी विषाणूंवरही पहारा ठेवतात, आणि केवळ मूत्रपिंडापुरता पहारा उठवून विषाणूंपुरता तो कायम ठेवणारे औषध अद्याप वैद्यकशास्त्राच्या हाती आलेले नाही.

या अडचणीचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे बीके विषाणू. १९७१ मध्ये लंडनमधील संशोधकांना तो एका प्रत्यारोपित रुग्णाच्या लघवीत आढळला आणि त्याच रुग्णाच्या नावाची आद्याक्षरे त्याला मिळाली. बहुतेक माणसांना त्याचा संसर्ग बालपणीच, नकळत होऊन जातो. त्यानंतर तो मूत्रपिंड व मूत्रमार्गाच्या अस्तरात आयुष्यभर निपचित पडून राहतो आणि निरोगी माणसाला त्याचा उपद्रव होत नाही. प्रत्यारोपणानंतर मात्र, विशेषतः पहिल्या दोन वर्षांत, तो वाढू लागला तर आधी लघवीत, मग रक्तात दिसतो आणि शेवटी नव्या मूत्रपिंडाच्याच पेशी नष्ट करतो. ताप नाही, वेदना नाही, सूज नाही. रक्तातील क्रिएटिनीन, म्हणजे मूत्रपिंडाने गाळून बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ, हळूहळू चढते, आणि तेही बहुधा हानी झाल्यावरच.

खरी कसोटी येथेच लागते, कारण शरीराने मूत्रपिंड नाकारण्यास आरंभ केला तरी क्रिएटिनीन असेच चढते, आणि बायोप्सीत, म्हणजे मूत्रपिंडाचा सूक्ष्म तुकडा काढून केलेल्या तपासणीत, दोन्ही विकारांचे चित्र पुष्कळदा सारखे दिसते. उपचार मात्र परस्परविरुद्ध आहेत: नाकारण्याच्या प्रक्रियेत प्रतिकार दाबणारी औषधे वाढवावी लागतात, तर विषाणूच्या विकारात ती कमी करावी लागतात. बीके विषाणूवर खात्रीने चालणारे औषध आज उपलब्ध नसल्यामुळे शरीराच्या स्वतःच्या प्रतिकाराला बेताने मोकळीक देणे हाच मुख्य उपाय उरतो, आणि त्या मोकळिकीत मूत्रपिंड नाकारले जाण्याची टांगती तलवारही असते. म्हणूनच रुग्णाला काही त्रास नसतानाही, पहिले नऊ महिने दरमहा आणि पुढे दोन वर्षांपर्यंत दर तीन महिन्यांनी, रक्तातील विषाणूचे प्रमाण पीसीआर चाचणीने मोजावे, असा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचा सल्ला आहे. ही चाचणी महाग वाटते हे खरे. पण ती प्रत्यारोपणाच्या खर्चाचाच भाग मानली पाहिजे, कारण गमावलेले मूत्रपिंड रुग्णाला पुन्हा डायलिसिसच्या यंत्राकडे नेते.

सायटोमेगॅलो या दुसऱ्या विषाणूची गोष्ट तुलनेने सोपी आहे. भारतातील बहुतेक प्रौढांच्या शरीरात तो आधीपासूनच असतो, आणि प्रत्यारोपणानंतर ताप, जुलाब किंवा पांढऱ्या पेशींची घट यांतून तो प्रकट होतो. परंतु त्याच्यावर गॅनसायक्लोव्हिर व तोंडाने घेण्याचे व्हॅलगॅनसायक्लोव्हिर ही गुणकारी औषधे आहेत.

टॅक्रोलिमसचा डोस न बदलताही त्याची रक्तातील पातळी बदलू शकते, ही गोष्ट रुग्णांना पुरेशी सांगितली जात नाही. बुरशीवरील काही गोळ्या, क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक, इतकेच काय, पपनसासारखे फळही ती वाढवू शकते, आणि पातळी वाढली की विषाणूवरील पहारा आणखी ढिला पडतो. यास्तव प्रत्यारोपित रुग्णांनी व त्यांच्या कुटुंबीयांनी दुकानातून परस्पर औषध आणू नये, बरे वाटते म्हणून ठरलेली रक्ततपासणी टाळू नये, आणि विषाणूची बातमी ऐकून घाबरून गोळ्यांची मात्रा स्वतःहून कमी करू नये. तो निर्णय रक्तातील आकडे पाहून मूत्रपिंडतज्ज्ञांनीच घ्यावयाचा आहे.